रीफ टाकीसाठी मीठ कोणतं घ्यायचं? हिंगोलीसारख्या बोअरच्या पाण्याच्या गावात

रीफ टाकी म्हणजे काचेच्या टाकीत खारं पाणी, त्यात प्रवाळ आणि समुद्री मासे. रील्समध्ये निळ्या उजेडात डोलणारी टाकी बघितली की आपल्यालाही करावीशी वाटते. मग पहिला प्रश्न येतो, सॉल्ट मिक्स कोणतं घेऊ? मी हिंगोलीत घरून सॉफ्टवेअरचं काम करतो. इथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे तो डब्यातूनच आणावा लागतो.

खडेमीठ का चालत नाही?

"मीठ समुद्रातूनच येतं ना, मग पाण्यात परत टाकलं की झालं समुद्राचं पाणी!" हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. तर्क चुकीचा वाटत नाही, पण मध्ये मिठागर येतं. मिठागरात समुद्राचं पाणी आटायला लागलं की आधी कॅल्शियमचे क्षार तळाला बसतात. नंतर मीठ, म्हणजे सोडियम क्लोराईड, धरतं. मॅग्नेशियम बरंचसं उरलेल्या कडवट पाण्यातच राहतं आणि ते पाणी काढून टाकतात. म्हणजे आपल्या हातात येतं ते मूळ मिश्रणातलं जवळपास एकच मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात सोडियम आणि क्लोराईड मिळून ३० ग्रॅम. उरलेल्या ५ ग्रॅममध्ये सल्फेट, सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम आणि प्रत्येकी ०.४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम व पोटॅशियम. प्रवाळाला सांगाडा बांधायला लागणारं कॅल्शियम या ५ ग्रॅममध्येच आहे.

नुसतं खारट असून भागत नाही हे बघायचं तर लोणारचं उदाहरण घ्या. तिथलं पाणीही खारंच, पण त्यात सोडियमचे कार्बोनेट जास्त आणि पीएच १० च्या आसपास. समुद्राचा पीएच ८.१ च्या जवळ असतो.

डब्यावरचे आकडे

ब्रँडच्या नावाआधी तीन आकडे वाचा: अल्कलिनिटी (एकक डीकेएच), कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. खऱ्या समुद्रात ते साधारण ७, ४१० आणि १,३०० असतात (शेवटचे दोन मिलिग्रॅम प्रति लिटर). बाजारातल्या मिठांमध्ये खरा फरक पडतो तो पहिल्या आकड्यात. रेड सी कंपनीचंच बघा: निळ्या डब्यातलं साधं मीठ ८ डीकेएचच्या आसपास, आणि 'कोरल प्रो' १२ च्या आसपास. नावात 'प्रो' आहे म्हणून दुकानदार तेच पुढं करतो, आपल्यालाही फोनसारखं वाटतं की प्रो म्हणजे भारी.

पण ते मीठ भराभर वाढणाऱ्या, टणक सांगाड्याच्या प्रवाळांसाठी आहे. भारतात अशी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे आपल्या समुद्रातून काढलेली विकणं आणि विकत घेणं गुन्हा. परदेशातून आलेल्या, साइट्स यादीतल्या जिवंत प्रजाती पाळायच्या तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीही लागते. कागद न दाखवता कोणी विकत असेल तर सरळ नाही म्हणा. नवशिक्याच्या टाकीत बहुधा मशरूम, झोअँथिड अशी मऊ मंडळीच असतात आणि त्यांना इतकी अल्कलिनिटी लागत नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ८ च्या आसपासचं मीठ घ्या.

आणखी एक हिशोब. टाकी ८ वर आहे आणि तुम्ही १२ च्या मिठाचं पाणी १० टक्के बदललं, तर अल्कलिनिटी ०.४ ने चढते. एवढं चालतं. पण काही बिघडलं म्हणून एकदम ४० टक्के बदललं तर १.६ ने उडी, आणि आधीच आजारी असलेल्या प्रवाळाला अशी उडी सोसत नाही.

मिठापेक्षा पाणी महत्त्वाचं

आपल्याकडं काळा बेसाल्ट खडक आणि त्यातलं बोअरचं जड पाणी. भांड्यांवर बसणारा पांढरा थर म्हणजे तेच. समजा बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर निघाली. एक डीकेएच म्हणजे १७.९ मिलिग्रॅम, म्हणजे पाणी मीठ टाकायच्या आधीच १६.८ वर! त्यात ८ वालं मीठ टाकलं की हिशोब २५ च्या जवळ जातो आणि कॅल्शियम पांढरा गाळ होऊन तळाला बसतो. शेतातल्या खताचं नायट्रेट असेल तर शेवाळाची मेजवानी वेगळीच. अशा पाण्यात कितीही महाग मीठ टाका, उपयोग नाही.

घरच्या आरओचं पाणी थेट घेऊ नका. बऱ्याच मशिनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, तो चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतो. तो बंद करून घ्या आणि पुढं डीआय रेझिनचा फिल्टर लावा. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे. जारच्या पाण्यालाही हाच नियम. हा मीटर खाऱ्या पाण्यात मात्र बुडवू नका, ३५,००० चा आकडा त्याच्या आवाक्यात नसतो. तिथं रिफ्रॅक्टोमीटर लागतो, आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्यायचा.

किती मीठ लागेल?

मिठात थोडा ओलावा असतो म्हणून लिटरला सुमारे ३८ ग्रॅम धरा. १०० लिटरच्या टाकीला सुरुवातीला ३.८ किलो. पुढं दर आठवड्याला १० लिटर बदललं तर वर्षाला जवळपास २० किलो. बजेट याच आकड्यावर ठरवा, पहिल्या डब्यावर नाही.

मे महिन्यात पाणी झपाट्यानं उडतं, मीठ मागंच राहतं. १०० लिटरमधलं ६ लिटर उडालं तर ३५ चं ३७ च्या वर जातं. ही भर नेहमी शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्यानंच घालायची, मिठाच्या पाण्यानं नाही.

कालवताना आधी पाणी, मग हळूहळू मीठ. उलट केलं तर तळाशी घट्ट द्रावणात गाळ धरतो. पंप किती वेळ चालवायचा ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच पाळा. दुकानात मोठा डबा फोडून पिशवीत सुटं भरलेलं मीठ स्वस्त मिळतं, पण त्यावर ना आकडे ना बॅच. शिवाय पावसाळी हवेत त्याचे गोळे होतात, आणि गोळे झालेलं मीठ विरघळलं तरी आकडे खाली आलेले असू शकतात. डबा घेतला तर झाकण घट्ट लावा आणि मीठ काढण्याआधी तो आडवा करून दोन-चार वेळा लोळवा, कारण बारीक आणि जाड दाणे वाहतुकीत वेगळे झालेले असतात.