मिलोची भाकर ते परभणी शक्ती : घरच्या दाण्याची गोष्ट



गटाच्या बैठकीत बचतीचा हिशोब आटोपला की आम्ही कधी कधी एक प्रश्न विचारतो. काल रात्री तुमच्या घरात सगळ्यांच्या शेवटी कोण जेवलं? आधी सगळ्या हसतात. मग एकेक हात वर होतो. मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो, तुमच्या वाट्याला भाजी उरली होती का? तेव्हा हसणं थांबतं.

आज आपण याच ताटाचा इतिहास बघू. आपल्या परभणी जिल्ह्यात घरात दाणा कसा येत होता, तो कुणाच्या हातात होता आणि तो हात कसा सुटत गेला, एवढंच आज सांगायचं आहे.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात ज्वारी हे आपलं मुख्य अन्न. शेतात ज्वारीबरोबर तूर, मूग, उडीद असायचे. रब्बीत करडई, हरभरा, जवस. बांधाला अंबाडी. ज्वारीची भाकर माणसांना आणि कडबा जनावरांना. पेरणी गड्यांच्या हातात असली तरी बियाण्याची निवड बहुतेक बायांकडे होती. भरदार कणसं वेगळी काढायची, वाळवायची, आढ्याला टांगायची, राखेत किंवा लिंबाच्या पाल्यात दाणे जपून ठेवायचे. कणगीत किती उरलं आणि पुढच्या सुगीपर्यंत कसं पुरवायचं, हा हिशोब घरची कारभारीण तोंडी करायची. खुरपायला गेलं की ओट्यात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुंजीर अशा भाज्या घेऊनच बाई घरी यायची.

म्हणजे तेव्हा सगळं छान होतं असं मुळीच नाही. ज्यांना जमीन नव्हती त्यांना मजुरीत मिळेल त्या पायलीभर दाण्यावर दिवस काढावा लागे. सून तेव्हाही शेवटीच जेवायची. पण पेरायचं काय आणि साठवायचं काय, यात बाईचं म्हणणं चालत होतं.

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्याआधीची दोन वर्षंही पावसाने ओढच दिली होती. गावातल्या वयस्कर बाया अजूनही वय सांगताना 'दुष्काळात मी एवढी होते' असं सांगतात. कणग्या रिकाम्या झाल्या. कर्ती माणसं दुष्काळी कामांवर गेली आणि बायाही मोठ्या संख्येने गेल्या. खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली, रस्ते केले. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. कामावर पीठ-गुळाची सुकडी मिळायची. रेशनच्या दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिकडे ती मुख्यतः जनावरांना चारतात. भाकर थापायला गेलं की तुटायची, चव लागायची नाही, तरी तिनेच लेकरं जगवली. आपण तिला नावं ठेवतो, पण तिचे उपकारही विसरू नयेत.

त्याच काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या पुढाऱ्यांबरोबर हजारो बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. शहरातली बाई लाटणं घेऊन आणि गावातली बाई हातोडा-टोपलं घेऊन एकाच गोष्टीसाठी झगडत होती. त्या कामांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पक्की झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा आला. त्यात किमान एक तृतीयांश कामं बायांना मिळावीत असं लिहिलेलं होतं. गावच्या कामावर आपण हक्काने नाव नोंदवतो, त्याच्या मुळाशी ७२ साली खडी फोडलेले हात आहेत.

दुष्काळाने शिकवलं की दाणा वाढला पाहिजे. आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ सुरू झालं तेही १९७२ सालीच. संकरित ज्वारी १९६४ पासूनच आली होती, ती आता घरोघर पोचली. जायकवाडीचं पाणी आलं. दाणा वाढला, हे खरं. पण संकरित बियाणं दर वर्षी दुकानातून आणावं लागतं. ते आणायला तालुक्याला गडीमाणूस जाणार. आढ्याला टांगलेल्या कणसांचं काम संपलं आणि त्याबरोबर बाईचा एक अधिकारही गेला. तो कुणी हिसकावून घेतला नाही, म्हणून गेलेला कुणाला दिसलाही नाही.

नंतर कापूस वाढला, मग सोयाबीन आलं. पैसा हवा होताच. लेकरांची शाळा, दवाखाना, लग्नं ही काय ज्वारीवर होत नाहीत. पण कापूस-सोयाबीनचा पैसा बाजारातून थेट गड्याच्या खिशात किंवा बँकेच्या कर्जात जातो, कणगीत काही पडत नाही. तणनाशक आलं आणि खुरपणाचे कष्ट वाचले, पण मजुरीही गेली आणि तांदुळजा-पाथरीही गेली. पूर्वी फुकट मिळणारी हिरवी भाजी आता बाजारच्या दिवशी दहा-वीस रुपयांच्या जुडीने येते. ती आधी कुणाच्या ताटात जाते, हे वर सांगितलंच.

२०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आपल्या फार कामाचा आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं. याच कायद्यात लिहिलं आहे की रेशनकार्डावर घरातली १८ वर्षांवरची सर्वात मोठी बाई कुटुंबप्रमुख असेल. आपलं कार्ड काढून बघा, कुणाचं नाव पहिलं आहे. मात्र रेशनवर आपल्याकडे आला तो मुख्यतः गहू आणि तांदूळ. पोट भरलं, पण ताटातली ज्वारी, डाळ आणि पालेभाजी कमी होत गेली.

त्याचा परिणाम रक्तात दिसतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. दाणा वाढला, रेशन आलं, तरी बाईचं रक्त वाढलं नाही. म्हणजे गावात धान्य असणं आणि बाईच्या अंगी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याला उत्तर शोधणाऱ्या बायाही याच महाराष्ट्रात झाल्या. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचं मोठं महिला अधिवेशन झालं. पुढे शरद जोशी यांनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली. जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा, असं ते सांगत. अनेक गावांत शेतकऱ्यांनी तसं केलं. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या दर १०० वहितीधारकांत बाया जेमतेम १४ होत्या.

नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं घराघरातून गोळा करून बियाणं बँक उभी केली. शाळेत न गेलेल्या या बाईंना पद्मश्री मिळाली. इकडे मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर बायांनी घरच्यांकडून अर्धा-एक एकर जमीन मागून घेतली. त्यात कमी पाण्यावरची धान्यं, डाळी आणि भाजी सेंद्रिय पद्धतीने पिकवली, आधी घरी खाल्ली आणि उरलेली विकली. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. जगाच्या अन्न व शेती संघटनेने २०११ च्या अहवालात हेच सांगितलं. गरीब देशांत शेतात राबणाऱ्यांपैकी सरासरी ४३ टक्के बाया आहेत. त्यांना गड्यांइतकंच बियाणं, खत, कर्ज मिळालं तर त्यांच्या शेतातलं उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढेल आणि जगातली १० ते १५ कोटी माणसं उपासमारीतून बाहेर येतील.

आता आपल्या घरचीच एक गोष्ट. २०१८ मध्ये आपल्या परभणीच्या विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ज्वारीचा एक वाण दिला. नाव 'परभणी शक्ती'. साध्या ज्वारीत किलोमागे साधारण ३० मिलिग्रॅम लोह असतं, हिच्यात ४५ च्या आसपास आहे. जस्तही २० च्या जागी ३२. आणि महत्त्वाचं म्हणजे हा संकरित नाही, सुधारित वाण आहे. म्हणजे चांगली कणसं निवडून बियाणं घरीच ठेवता येतं. आढ्याचं काम पुन्हा आपल्याकडे येऊ शकतं. आपल्या रानाला आणि हंगामाला तो बसतो का, हे आधी विद्यापीठात किंवा कृषी सहायकाला विचारून घ्या.

नुसत्या भाकरीने रक्त वाढत नाही, हेही लक्षात ठेवा. रक्त तपासून घ्या. १२ च्या खाली असलं, आणि गरोदरपणात ११ च्या खाली असलं, तर आशाताईंकडून गोळ्या घ्या आणि खरंच खा. जेवताना लिंबू पिळा. जेवल्याबरोबर चहा नको.

आमच्या गटांनी यंदा तीन गोष्टी ठरवल्या आहेत, तुमच्या बैठकीत त्या मांडून बघा. एक, घरी बोलून २० गुंठे मागायचे. सगळं रान नको, फक्त अर्धा एकर. त्यात ज्वारी, दोन डाळी आणि भाजी, आणि त्या तुकड्यावर तणनाशक नाही. दोन, गटातल्या एकीने तरी बियाणं जपायचं आणि पुढच्या साली बाकीच्यांना द्यायचं. ज्यांना जमीन नाही त्या मैत्रिणींना या शेतातलं काम आणि दाणा आधी. तीन, रात्री सगळ्यांनी एकत्र जेवायला बसायचं, सुनेसकट.

पहिल्या दोन गोष्टींना गटाची मदत मिळेल. तिसरीला पैसा लागत नाही, पण तीच सगळ्यात अवघड आहे. सासूबाईंनी मनावर घेतलं तर आज रात्रीपासून जमेल. पुढच्या बैठकीत आम्ही पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहोत. शेवटी कोण जेवलं? त्या दिवशी एकही हात वर होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.