एडक्के, सार!

म्हैसूरला येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. पोस्टिंग एनसीसीची, म्हणजे सकाळी कॉलेजच्या मैदानावर कॅडेट्सची ड्रिल. त्या दिवशी उजाडायच्या आतच मोटरसायकल काढली आणि के. आर. सर्कलला आलो. मध्ये कृष्णराज वडियारांचा पुतळा, जवळच देवराज मार्केट, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मला उजवीकडे जायचे होते. पुतळा उजव्या हाताला ठेवून पूर्ण वळसा घालायला हवा होता. मी सरळ उजवीकडे घुसलो.

समोरून सायकल आली, मागे मल्लिगेच्या म्हणजे मोगऱ्याच्या दोन टोपल्या. मी ब्रेक मारला, त्यानेही मारला, आणि सायकल आडवी झाली. म्हातारबुवांचे कोपर खरचटले, फुले रस्त्यावर. ते ओरडले नाहीत. डावा हात दाखवत एवढेच म्हणाले, "एडक्के, सार, एडक्के!" डावीकडे, साहेब, डावीकडे. दोघांनी मिळून फुले वेचली. मातीत गेलेल्यांचे पैसे दिले तर त्यांनी निम्मेच घेतले.

वीस वर्षे फौजेत गाडी चालवली, एकदाही ठोकली नाही. मग हे झाले कसे? उत्तर सोपे होते. काही महिन्यांपूर्वी मी काँगोत, गोमाला होतो, यूएन मिशनवर. तिथे वाहतूक उजवीकडून. गर्दीत माणूस पुढच्या गाडीमागे जातो, चूक होत नाही. रिकाम्या रस्त्यावर मात्र हात जुन्या सवयीने चालतो. मिशनमध्ये उलट्या सवयीचा धोका माहीत असतो, म्हणून तिथे यूएनची वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. परत आल्यावर कोणी टेस्ट घेत नाही.

डावे-उजवे हे मुळात कोणाचे राज्य होते यावर ठरलेले आहे. काँगो बेल्जियमचा म्हणून उजवीकडे, शेजारचा युगांडा इंग्रजांचा म्हणून डावीकडे. बुनागानाच्या नाक्यावर युगांडातून आलेला ट्रक काँगोत शिरला की बाजू बदलतो.

आपल्या गोव्याची गोष्ट याहून मजेची. पोर्तुगालने १ जून १९२८ पासून उजवी बाजू घेतली. मग गोवाही उजवीकडे जायला हवा होता. पण गोव्याचे रस्ते संपतात ते सावंतवाडी, बेळगाव, कारवारच्या रस्त्यांना लागून, आणि तिकडे सगळे डावीकडून. म्हणून गोवा डावीकडेच राहिला. मोझांबिकचेही तेच झाले. लिस्बनचा हुकूम शेजारच्या रस्त्यापुढे चालला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये आपले कॉलम दोडामार्ग आणि मोलेमच्या बाजूने आत गेले तेव्हा पूल उडवलेले होते, सुरुंग होते, पण बाजू बदलावी लागली नाही. कॉन्व्हॉय चालवलेल्या माणसालाच त्याची किंमत कळेल.

उलटे उदाहरण ब्रह्मदेशाचे. तिथे इंग्रजी अमलापासून वाहतूक डावीकडून होती. डिसेंबर १९७० मध्ये ने विनच्या सरकारने ती उजवीकडे नेली. गाड्यांचे स्टिअरिंग मात्र राहिले उजव्याच बाजूला, आणि पुढेही जपानच्या जुन्या गाड्या तशाच येत राहिल्या. ड्रायव्हर कडेला बसणार, ओव्हरटेकला समोरचे दिसणार नाही, शेजारच्याने सांगायचे. तामूहून पुढे कालेवा-कालेम्योचा रस्ता आपल्या बीआरओने बांधून २००१ मध्ये खुला केला. मोरेहून नाका ओलांडला की आपण बांधलेल्या रस्त्यावर आपल्यालाच उजवीकडून जावे लागते.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे पाचला बाजू बदलली. सुरुवातीला अपघात वाढण्याऐवजी कमी झाले, कारण जो तो घाबरून चालवत होता. लोक सरावले तसे आकडे पुन्हा जुन्या जागी आले. माझे नेमके तसेच झाले. गोमात पहिले दोन महिने मी जीव मुठीत धरून चालवली. चूक झाली ती घरी आल्यावर, निर्धास्त असताना.

एमटीतल्या मंडळींसाठी जाता जाता एक सांगतो, कारण निवृत्तीच्या तोंडावर हा प्रश्न हमखास येतो. फौजेचे लायसन्स १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या कलम १८ खाली मिळते आणि ते फक्त सरकारी, संरक्षणाच्या कामाच्या गाडीला चालते. थ्री टनर लडाखपर्यंत नेला असला तरी त्यावर स्वतःची स्कूटर चालवता येत नाही. सिव्हिल लायसन्स वेगळे काढावे लागते. मात्र कलम ९ मध्ये सोय आहे: त्याच प्रकारच्या गाडीचे कलम १८ चे लायसन्स दाखवले तर चाचणी माफ. आरटीओत जाताना हे कलम पाठ करून जा. माझ्या ओळखीचे दोघे हे माहीत नसल्याने उगीच ट्रॅकवर आठाचा आकडा काढून आले.

गोमात आमच्या जिप्सीच्या डॅशबोर्डवर कोणीतरी लाल बाण चिकटवला होता, उजवीकडे दाखवणारा. परवा एका कॅडेटला सांगितले, माझ्या टाकीवर एक रंगवून दे, डावीकडचा. पोरगी हुशार, बाणाखाली कानडीत शब्दही लिहून आणला. फूलवाले आजोबा सकाळी सर्कलला भेटतात तेव्हा आधी टाकीकडे बघतात, मग माझ्याकडे.