शंभर तबकड्यांचा हिशेब

१९५६ साली आय. बी. एम. कंपनीने आपल्या ‘रॅमॅक’ यंत्रात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर चढवून पन्नास लक्ष अक्षरे साठविली, तेव्हा ते नवलच होते. पुढील तीस वर्षांत तबकड्या लहान झाल्या, क्षमता अफाट वाढली. परंतु मोठ्या संगणकांची भिस्त एखाद्या अवाढव्य, महागड्या डिस्कवरच राहिली. गणित करणारा भाग विलक्षण चपळ होत गेला, आणि तबकडीवरील नोंद शोधणारी भुजा मात्र जुन्याच चालीने सरकत होती.

१९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. वैयक्तिक संगणकांच्या छोट्या, स्वस्त डिस्क पुष्कळशा एकत्र जुंपाव्यात व मजकूर तुकड्यातुकड्यांनी त्यांवर वाटून द्यावा, म्हणजे सर्वांच्या भुजा एकाच वेळी कामाला लागतील, असा त्यांचा विचार. त्यातील धोकाही त्यांनीच मांडून दाखविला. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असे धरले, तर शंभरांपैकी कोणती तरी एक सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच बिघडणार! आणि मजकूर विखुरलेला असल्याने एकीचा बिघाड हा साऱ्यांचाच नाश.

यावर उपाय म्हणजे जादा डिस्कवर ठेवलेला हिशेब. समजा, तीन डिस्कांवर ७, ४ व ९ हे अंक आहेत आणि चौथीवर त्यांची बेरीज २० लिहिली आहे. दुसरी बिघडली, तर वीसमधून सात व नऊ वजा करताच हरवलेला चार हाती येतो. संगणक बेरजेऐवजी सम-विषमतेची नोंद ठेवतो, एवढाच फरक. या जातीच्या युक्तीचे पेटंट आय. बी. एम.च्या नॉर्मन औची यांना १९७८ सालीच मिळाले होते. प्रत्येक डिस्कची हुबेहूब जोडी ठेवण्याची रीतही जुनीच, पण तिला खर्च दुप्पट. बर्कलेच्या तिघांनी अशा पाच रीती क्रमाने लावून त्यांना ‘रेड’ हे नाव दिले. चौथ्या रीतीत सारा हिशेब एकाच डिस्कवर असल्याने प्रत्येक लेखनाची रांग तिच्यापाशी लागे. पाचवीत तो सर्वांवर आळीपाळीने वाटला गेला.

नावातील ‘स्वस्त’ या अर्थाचा शब्द पुढे बदलून ‘स्वतंत्र’ झाला. महागडी यंत्रे स्वस्त म्हणून विकणे व्यापाऱ्यांना रुचावे तरी कसे! डिस्क जसजशा मोठ्या झाल्या, तसतसे बिघडलेलीचा मजकूर नवीवर उभा करावयास तासच काय, कधी दिवसही लागू लागले. त्या अवधीत दुसरी डिस्क गेली तर एक हिशेब पुरत नाही. म्हणून दोन हिशेब ठेवणारी सहावी रीत आली. चुकून पुसलेली नोंद मात्र यांतील कोणतीच रीत परत देत नाही, कारण पुसण्याची आज्ञाही सर्व डिस्क तितक्याच इमानाने पाळतात. तेवढ्यासाठी निराळी नक्कल दुसऱ्या जागी ठेवावीच लागते.