थायलंडला निघालात? आधी मोबाईलवर 'टीडीएसी' भरा, त्याला एक रुपयाही लागत नाही

खत-बियाण्यांच्या कंपन्या विक्रेत्यांना सहलीला नेतात, त्यात थायलंडचं नाव हमखास असतं. त्यामुळे आपल्याकडच्या गावांतूनही आता बँकॉक-पट्टायाला माणसं जातात. पण विमानात बसण्याआधी एक ऑनलाईन फॉर्म भरावा लागतो, त्याचं नाव टीडीएसी. 1 मे 2025 पासून थायलंडने तो सक्तीचा केला. पूर्वीच्या कागदी टीएम-6 कार्डाच्या जागी तो आला आहे. लहान मुलांसकट प्रत्येकाचा भरायचा.

सरकारी साइट 'टीडीएसी डॉट इमिग्रेशन डॉट गो डॉट टीएच' ही आहे. शेवटी 'डॉट गो डॉट टीएच' आहे ना, एवढं नीट बघा. गुगलवर तसल्याच दिसणाऱ्या दुसऱ्या साइटही येतात आणि कार्डाने पैसे मागतात. सरकारी फॉर्म फुकट आहे. पैसे मागितले की समजायचं, चुकीच्या दारात आलो. टूरवाला 'टीडीएसी फी' लावत असेल तर ती त्याची मजुरी, सरकारची नव्हे.

फॉर्म तिथे पोहोचण्याच्या तीन दिवसांच्या आत भरायचा. पासपोर्ट, विमानाचा नंबर, हॉटेलचा पत्ता आणि ईमेल जवळ ठेवा. स्वतःचा ईमेल नसेल तर पोराचा चालतो, क्यूआर कोड त्यावर येतो.

चूक होते ती नावात. आधार बघून लिहू नका. आपल्या पासपोर्टवर बहुतेक वेळा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये एकत्र असतं, आडनाव वेगळं. जसं छापलंय तसंच उतरवा. दुसरी चूक तारखेची. मुंबईहून रात्री निघालेलं विमान सकाळी उतरतं, म्हणजे पोहोचण्याची तारीख दुसऱ्या दिवसाची. तिथलं घड्याळही आपल्यापेक्षा दीड तास पुढे.

टीडीएसी म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते तिकीट काढण्याआधी वेगळे तपासा. मलेशियाचा असाच फॉर्म आहे, एमडीएसी, तोही फुकट. मात्र ब्रिटनचं 'ईटीए' आणि अमेरिकेचं 'एस्टा' भारतीय पासपोर्टला लागू नाही, तिथे सरळ व्हिसाच लागतो. 'ईटीए काढून देतो, व्हिसा नको' म्हणणाऱ्याला दमडी देऊ नका.

क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढा आणि एक झेरॉक्सही खिशात असू द्या. विमानतळावर मोबाईलची बॅटरी उतरली तर तोच कागद कामाला येतो.