बहिरी ससाण्याची टोपी : एका विस्मृत चर्मकलेचा धागा

१/ अहिल्यानगरच्या पूर्वेस शहा डोंगरावर एक तीन मजली, अष्टकोनी वास्तू उभी आहे. लोक तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान दुसरा याची कबर आहे. मोठ्या नावाच्या सावलीत खरे नाव झाकले जाणे, ही इतिहासाची जुनी खोड. आजचा धागा अशाच झाकल्या गेलेल्या एका कारागिरीविषयी.

२/ चांदबीबी ही हुसेन निजामशहाची कन्या आणि विजापूरच्या अली आदिलशहाची पत्नी. १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेसमोर तिने नगरचा भुईकोट लढवला. १६०० मध्ये ती स्वपक्षीयांच्याच हातून मारली गेली. पुढे शंभर वर्षांनीही दख्खनी चित्रकारांना ती आठवली, ती घोड्यावर स्वार आणि हातावर शिकारी पक्षी घेतलेली. सुमारे १७०० चे असे एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

३/ पक्ष्यांकरवी शिकार करण्याची रीत दख्खनेत निजामशाहीच्याही पूर्वीची. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकींमध्ये ‘श्येनविनोद’ सांगितला आहे. श्येन म्हणजे ससाणा. शिवकाळातील अठरा कारखान्यांच्या यादीतही ‘शिकारखाना’ आढळतो.

४/ या छंदाने मराठीला शब्दही दिले. ‘बहिरी ससाणा’ हा कानांनी बहिरा नव्हे! अरबीत ‘बहर’ म्हणजे समुद्र, त्यावरून ‘बहरी’. ‘शिक्रा’, ‘बाज’ आणि ‘शाहीन’ हेही फारसीतून आले. शिकारी पाखरे सांभाळणाऱ्यांच्या प्रमुखाला ‘मीरशिकार’ म्हणत.

५/ जुने बाजदार पक्ष्यांचे दोन वर्ग करीत, तेही डोळ्यांवरून. काळ्या डोळ्यांचे ते ‘सियाहचश्म’ : बहिरी, शाहीन यांसारखे लांब पंखांचे. पिवळ्या डोळ्यांचे ते ‘गुलाबचश्म’ : बाज, शिक्रा यांसारखे आखूड पंखांचे. टोपीचा खरा उपयोग पहिल्या वर्गासाठी. शिक्र्याला ती सहसा घालीत नसत.

६/ टोपी कशासाठी? ससाण्याचे सारे जग त्याच्या नजरेत सामावलेले. कुत्रे, घोडे, गर्दी दिसली की तो बिथरतो आणि हातावरून झेपावताना पंख मोडून घेतो. अंधार झाला की मात्र तो स्थिर होतो. हा अंधार साधण्याची दुसरी रीत क्रूर होती. नव्याने धरलेल्या पाखराच्या पापण्या दोऱ्याने शिवल्या जात. भारतात तसेच युरोपातही. टोपी नीट बसली, तर त्या सुईची गरज उरत नसे.

७/ आणि ‘नीट बसणे’ हीच या कलेची कसोटी. चामडे पातळ हवे, पण आकार धरणारे. टोपी आत प्रकाशाची तिरीप येऊ देणार नाही, तरी डोळ्याला स्पर्शही करणार नाही. चोचीपाशी एवढी मोकळीक, की श्वास कोंडू नये. ससाण्यांत मादी नराहून बरीच मोठी, म्हणून एकाची टोपी दुसऱ्याला चालत नाही. रापीचा काप केसभर चुकला आणि टोपी एकदा डोळ्याला टोचली, की ते पाखरू पुढे टोपी दिसताच मान फिरवते. कारागिराची चूक पक्षी विसरत नाही.

८/ टोपीच्या मागे चामड्याच्या वाद्या असतात. एक जोडी ओढली की टोपी आवळते, दुसरी ओढली की सैल होते. बाजदाराच्या एका हातावर पक्षी असतो. म्हणून तो वादीचे एक टोक उरलेल्या हाताने आणि दुसरे दातांनी ओढतो. घाण्याच्या बैलाची झापड बांधायला दोन हात मोकळे असतात. येथे ती चैन नाही.

९/ तेराव्या शतकात रोमन सम्राट फ्रेडरिक दुसरा याने बाजविद्येवर मोठा ग्रंथ लिहिला. टोपी ही पौर्वात्यांची युक्ती असून आपण ती अरबांकडून शिकलो, असे तो मोकळेपणाने मान्य करतो. पुढे युरोपात ‘डच’ टोपी रूढ झाली. ती तीन तुकड्यांची, लाकडी साच्यावर घडवलेली. भारतीय टोपी मात्र एकाच तुकड्यातून कापून शिवलेली, वजनाने हलकी. इंग्रज अधिकाऱ्यांनी हा भारतीय काप घेऊन त्याला डच वाद्या जोडल्या. हीच ‘अँग्लो-इंडियन’ टोपी. जगभरचे बाजदार आजही ती याच नावाने ओळखतात.

१०/ भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारी पक्षी धरण्यास आणि पाळण्यास बंदी आली. पक्ष्यांसाठी ते योग्यच झाले. २०१० मध्ये युनेस्कोने बाजविद्येला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. २०२१ पर्यंत त्या नोंदीत २४ देश सामील झाले. शेजारचा पाकिस्तान त्यात आहे, भारत नाही. टोपीचा आकार जगभर फिरतो आहे, त्याच्या नावातला देश मात्र त्या यादीबाहेर आहे.

११/ शिकार परत यावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु छंद संपला म्हणून त्यामागचे ज्ञान क्षुल्लक ठरत नाही. बखरींत राजे आले, चित्रांत राणी आली. आरी-रापी चालवणारे हात मात्र चौकटीबाहेरच राहिले. पुढच्या वेळी चांदबीबीचे ते चित्र पाहाल, तेव्हा तिच्या हातावरच्या पाखराकडेही पाहा. ते तिथे शांत बसले आहे, त्यात राणीच्या धैर्याचा वाटा आहेच. पण थोडा वाटा अंगठ्याएवढ्या चामड्याच्या टोपीचा आणि ती शिवणाऱ्या अनाम माणसाचाही आहे.