बोरघाटाचा उतार आणि रोलर कोस्टरचे गणित

१/ १९९९ साली 'रोलरकोस्टर टायकून' हा संगणकीय खेळ आला आणि जगभरातील मुले पडद्यावर लोखंडी डोंगर रचू लागली. दुसरी टेकडी पहिलीहून उंच केली, तर गाडी मध्येच अडते व मागे घरंगळते. स्थानकाचे ब्रेक निकामी झाले, तर गाड्या एकमेकींवर आदळतात. चढ, उतार आणि ब्रेक यांचे हेच कोडे मावळच्या कड्यावर १८५६ ते १८६३ या काळात सोडवले गेले. तेथे मात्र पणाला खरी माणसे लागली होती.

२/ या खेळाचा कर्ता ख्रिस सॉयर. त्याने आधी १९९४ साली 'ट्रान्सपोर्ट टायकून' हा रेल्वे व वाहतुकीचा खेळ रचला होता. म्हणजे आगगाडी आधी, रोलर कोस्टर नंतर. योगायोग असा की प्रत्यक्ष इतिहासाचा क्रमही हाच आहे.

३/ अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात १८२७ साली मॉक चंक येथे कोळशाच्या वाघिणी केवळ गुरुत्वाकर्षणाने डोंगर उतरू लागल्या. रिकाम्या वाघिणी वर ओढणारी खेचरेही उतरताना गाडीतच बसत. पुढे लोक निव्वळ मौजेसाठी या मार्गावर येऊ लागले. १८८४ साली लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटांत अशीच सफर सुरू केली.

४/ इकडे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला कोकणातून देशावर चढायचे होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्या आराखड्यानुसार बोरघाटाची चढण सुमारे २५ किलोमीटर लांबीची आणि १,८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर उंचीची होती. सर्वांत तीव्र ठिकाणी ३७ फूट पुढे जाताना १ फूट चढावे लागे. मार्गावर २५ बोगदे खोदावे लागले.

५/ चढणे अवघड होतेच. पण खरी धास्ती उतरण्याची. घर्षण आणि ब्रेक नसतील, तर ५५८ मीटर उतरलेल्या गाडीचा वेग कागदावर ताशी सुमारे ३७५ किलोमीटर भरतो. गाडी जड असो वा हलकी, हे उत्तर बदलत नाही. उंचीत साठवलेली ऊर्जा कुठे तरी खर्चावीच लागते.

६/ म्हणून घाटात 'कॅच सायडिंग' आले, म्हणजे मुख्य मार्गातून फुटणारा चढता आडमार्ग. सांधे नेहमी त्याच्याच बाजूने लावलेले असत. उतरणारी गाडी ताब्यात आहे हे थांबून सिद्ध झाले, तरच पुढची वाट मिळे. सुटलेली गाडी चढावर जाऊन थबके. खंडाळ्याखाली वळणाला जागा नव्हती. तेथे रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी बंद टोकाशी जाई, इंजिन दुसऱ्या बाजूस जोडले जाई आणि प्रवास उलट दिशेने सुरू होई. १९२० च्या दशकाअखेरीस नवा मार्ग झाला आणि हे स्थानक इतिहासजमा झाले.

७/ या मार्गाची किंमत मजुरांनी मोजली. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. सुरुंग, कडे आणि पटकीची साथ यांत हजारो दगावली. १८५९ च्या आरंभी मजुरीच्या प्रश्नावरून दंगल उसळली आणि कंत्राटदार फॅविएल याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. बर्कले त्याआधीच, १८६२ साली निवर्तले होते.

८/ दीडशे वर्षांनी, २०१३ साली, याच घाटाच्या पायथ्याशी खालापूर तालुक्यात इमॅजिका उद्यान उभे राहिले. तेथील 'नायट्रो' हा स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीचा रोलर कोस्टर आहे. त्याची उंची सुमारे ४० मीटर. वरचेच सूत्र लावले, तर एवढ्या उतारावर ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग मिळतो. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाखालूनही चाके असतात; ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याची, १९१९ सालची. पुढचा टप्पा रिकामा झाल्याखेरीज मागची गाडी सोडायची नाही, हा रोलर कोस्टरचा नियम तर थेट रेल्वेच्या शिस्तीतला आहे.

९/ जुन्या घाटरस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटाची वाट दाखवणाऱ्या आणि त्याबद्दल प्राण गमावणाऱ्या धनगराचे ते स्थान, असे लोकपरंपरा सांगते. वाटाड्याचे नाव निदान कथेत उरले. बोगदे खोदणाऱ्या हजारोंची नावे तिथेही नाहीत. खेळात चुकलेला रूळ क्षणात पुसता येतो. लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीखालचा प्रत्येक रूळ मात्र कोणाच्या तरी आयुष्याच्या मोलाने बसलेला आहे.