बिब्बा, परीट आणि त्वचेचे वावडे : एका दोषारोपाचा इतिहास

त्वचाविकारांची लोकभाषेतील नावे पाहिली असता त्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. काही नावे विकाराच्या रूपावरून पडतात. ‘गजकर्ण’ हे त्यांपैकी होय. काही नावे कारण सांगतात. मराठीत ‘बिब्बा उतला’ असे म्हटले की अंगावर उठलेल्या फोडांचे मूळ कशात आहे, हे निराळे सांगावे लागत नाही. तिसऱ्या वर्गातील नावे मात्र कारण न शोधताच कोणावर तरी ठपका ठेवतात. ‘धोबी इच’, म्हणजे ‘धोब्याची खाज’, हे अँग्लो-इंडियन इंग्रजीतील नाव या वर्गाचे ठळक उदाहरण आहे. बिब्बा व परीट यांचा या नावाशी आलेला संबंध पाहिला म्हणजे त्वचेच्या ॲलर्जीचे कारण ओळखणे का कठीण होते, हेही स्पष्ट होते.

बिब्बा हा आंबा व काजू यांच्या कुळातील वृक्ष. त्याच्या फळाच्या टरफलात दाहक, काळपट तेल असते. संस्कृत कोशकारांना हा गुण चांगला ठाऊक होता. अमरकोशात भल्लातकाला ‘अरुष्कर’, म्हणजे व्रण करणारा, आणि ‘अग्निमुखी’ अशी नावे दिलेली आढळतात. आयुर्वेदाने त्याचा औषधात उपयोग केला. परंतु विटेच्या चूर्णाने शोधन केल्यावाचून तो वापरू नये, असा दंडक घातला. मराठीत एखाद्या कार्यात विघ्न आणण्याला ‘बिब्बा घालणे’ म्हणतात, त्यामागेही हाच अनुभव असावा. याच फळातील गोडंबी मात्र चवीने खाल्ली जाते, आणि ती काढण्यासाठी बिब्बे फोडणाऱ्या स्त्रियांचे हात टरफलाच्या तेलाने पोळतात.

या तेलाचा आणखी एक उपयोग परिटांनी केला. बिब्ब्याच्या तेलाला चुन्याची जोड दिली की सुती कापडावर काळी खूण उमटते व ती धुण्याने जात नाही. ‘सेमेकार्पस ॲनाकार्डियम’ या शास्त्रीय नावातील पहिले पद ‘खूण’ व ‘फळ’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनले आहे, ते याच उपयोगावरून. कोणाचा सदरा कोणाचा, हे परीट त्या खुणेवरून ओळखीत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील व पूर्वेकडील युरोपीय लोकांत जांघेतील खाजेला ‘धोबी इच’ म्हणण्याचा प्रघात पडला होता. धोब्याने घाटावर अनेकांचे कपडे एकत्र धुतल्याने ती जडते, अशी समजूत त्यामागे होती. वस्तुतः हा विकार बुरशीमुळे होणारा नायटाच होय. उष्ण व दमट हवा, घाम आणि घट्ट कपडे यांमुळे तो बळावतो. ही कारणे नावात कोठेच आली नाहीत. धोबी तेवढा आला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या त्वचेवर निराळ्याच प्रकारचे पुरळ उठू लागले. लिव्हिंगूड, रॉजर्स व फिट्झ-ह्यू या लष्करी वैद्यांनी 1943 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कपड्यावरील खूण जेथे त्वचेला टेकते, तेथेच ते उठत असे. सदऱ्याच्या गळपट्टीवर खूण असेल तर मानेच्या मागे, कमरपट्टीवर असेल तर कमरेला. कारण होते बिब्ब्याची शाई.

येथे परिटाचा संबंध खरोखरच होता; परंतु त्याच्या अस्वच्छतेचा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली शाई याच लोकांना का बाधावी, याचे उत्तर त्यांच्या मायदेशात सापडते. अमेरिकेतील रानात वाढणारी पॉयझन आयव्ही ही बिब्ब्याच्याच कुळातील आहे. दोहोंतील दाहक द्रव्यांची रासायनिक रचना परस्परांशी मिळतीजुळती असते. त्यामुळे ज्याच्या शरीराने त्या वनस्पतीचा अनुभव पूर्वी घेतला असेल, त्याची त्वचा बिब्ब्यालाही शत्रू मानते.

‘ॲलर्जी’ ही संज्ञा क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1906 साली रूढ केली. तिचा धात्वर्थ ‘अन्य क्रिया’ असा होतो. त्यापूर्वी, 1895 साली, यादासोन यांनी संशयित द्रव्य त्वचेवर पट्टीने लावून पाहण्याची परीक्षा मांडली होती. पुढे 1942 साली लँडस्टायनर व चेस यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत दाखविले की ही स्पर्शजन्य संवेदनशीलता शरीरातील पेशींबरोबर एका प्राण्यातून दुसऱ्यात संक्रमित करता येते. ‘अरुष्कर’ या नावात द्रव्याचा गुण आहे. तीव्र तेल कोणाचीही त्वचा पोळू शकते. ॲलर्जीच्या कल्पनेने त्यात व्यक्तीच्या पूर्वानुभवाची भर घातली. मराठीतील ‘वावडे’ हा शब्द या कल्पनेच्या बराच जवळ जातो, कारण वावडे नेहमी कोणाचे तरी असते.

या विकारात स्पर्श व पुरळ यांच्यामध्ये सामान्यतः एक ते तीन दिवस जातात. तेवढ्या अवधीत मूळ स्पर्श विसरला जातो आणि दोष समोर दिसेल त्याच्या माथी बसतो. म्हणून पुरळाची जागा व आकार हाच पहिला पुरावा मानावा लागतो. कानाच्या पाळीवरील पुरळ दागिन्यातील निकेलकडे, टाळूच्या कडेचे केसांच्या कलपाकडे, गवंड्याच्या हातांवरील सिमेंटमधील क्रोमेटकडे बोट दाखविते. त्वचारोगतज्ज्ञाने केलेल्या पट्टी-परीक्षेने संशयाचा निर्णय होतो, आणि ते द्रव्य टाळणे हाच मुख्य उपाय ठरतो. ज्याला बिब्बा उततो, त्याने कैरीचा चीक व काजूच्या टरफलाचे तेल यांपासूनही जपावे. स्पर्श झाल्यास ती जागा तत्काळ साबणाने धुवावी. फोडणीच्या कामात हातमोजे व पुरते अंग झाकणारे कपडे यांना पर्याय नाही.

नावातील चूक केवळ शब्दापुरती राहत नाही. बुरशीवर ॲलर्जीची मलमे चोळली तर ती पसरते. ॲलर्जीवर बुरशीचे औषध लावून शाईची खूण तशीच ठेवली तर पुरळ हटत नाही. दोन्ही विकारांत परिटाला दोष दिल्याने रोगी बरा झाला नाही. गुण आला तो कोठे, केव्हा आणि कशाचा स्पर्श झाला, या तीन प्रश्नांनी.